एकाचा प्रवेश, साऱ्यांचा खोळंबा

तेरीज जुळत नसली, की जुने मुनीम साऱ्या वह्या पुन्हा लिहायला बसत नसत. ते प्रथम फरकाचा आकडा पाहत. त्या आकड्याला नऊने निःशेष भाग गेला, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ६३ चे ३६ लिहिले गेले असावेत, असा त्यांचा कयास असे. फरक सम असला, तर त्याच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडली आहे काय, हे ते तपासत. चूक स्वतःच आपला माग सांगते, फक्त ती ऐकून घेतली पाहिजे, असा त्या पद्धतीमागचा विश्वास होता. पेढीवर वाढलेल्या कुटुंबांना ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

घरातील इंटरनेट बंद पडले, की मात्र हीच हिशेबी कुटुंबे ती शिस्त विसरतात. कोणी राउटरचे बटण बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी सेवा पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावून तावातावाने बोलतो, कोणी नवा महागडा राउटर आणण्याचा निर्णय सांगून मोकळा होतो. एखादा ठरावीक लॅपटॉप उघडला की साऱ्या घराचे नेट जाते, अशी शंका एकदा आली, की तपास तेथेच संपतो. तो लॅपटॉप आणि तो वापरणारी व्यक्ती, दोघेही एकदम दोषी ठरतात.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाही. जीएसटीचे मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ तारखेपर्यंत विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत कराचा भरणा सादर करावा लागतो. सर्वसाधारण विवरणाला उशीर झाला, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक असते, म्हणून हे काम बहुधा रात्री घरीच होते. मुलांचे वर्ग, बँकेचे व्यवहार, घरी बसून नोकरी करणाऱ्या सुनेची कचेरी, हे सारे त्याच एका पेटीवर अवलंबून असते. ती पेटी रोज रात्री दगा देऊ लागली, तर कामाबरोबर घरातील माणसांचे परस्परांशी बोलणेही बिघडते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. वडील, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे आणि आजी-आजोबा, असे भरलेले कुटुंब. बाजारपेठेत कापडाचे दुकान. धाकट्या मुलाचे नुकतेच लग्न झालेले. नवी सून परदेशी कंपनीसाठी घरूनच काम करते आणि तिच्या बैठका रात्री नऊ वाजता सुरू होतात. ती आली, तिचा लॅपटॉप आला, आणि पंधरवड्यातच घराचे नेट रोज नवाच्या सुमारास बंद पडू लागले. दिवाणखान्यातील टीव्ही थांबे, थोरल्या मुलाच्या फोनवर 'जोडलेले आहे, पण इंटरनेट नाही' असा संदेश येई. नव्या सुनेचे काम मात्र बिनदिक्कत चाललेले असे. तिचा लॅपटॉप सारे नेट खेचून घेतो, असा निष्कर्ष निघायला मग वेळ लागला नाही. राउटर बंद करून सुरू केला, की सारे सुरळीत होई, पण त्या दोन-तीन मिनिटांत तिची बैठक तुटे. कोणी तिला स्पष्ट काही म्हणाले नाही. 'आधी असे होत नव्हते' एवढेच वाक्य जेवताना दोन-तीनदा उच्चारले गेले, आणि ते पुरेसे होते.

या घरात तपासाची सुरुवात आजोबांनी केली. त्यांना राउटरची माहिती नव्हती, पण फरक शोधण्याची सवय होती. त्यांनी नातवाला दिनदर्शिकेच्या पाठीमागे चार रकाने आखायला लावले: नेट किती वाजता गेले, कोणाचे गेले, कोणाचे गेले नाही, आणि त्या वेळी घरात कोणते यंत्र सुरू किंवा बंद झाले. आठ दिवसांत त्या कागदावर दोन विचित्र गोष्टी दिसू लागल्या. पहिली अशी, की आजींच्या फोनचे नेट एकदाही गेले नव्हते. दुसरी अशी, की ज्यांचे फोन संध्याकाळी बाहेरून घरात येत, त्यांचेच नेट प्रामुख्याने जाई. आजींचा फोन घराबाहेर जात नसे. सुनेचा लॅपटॉप सारे नेट खेचत असता, तर आजींचा फोनही थांबला असता. फरकाचा आकडा बोलू लागला होता.

मग एका वेळी एकच बदल, या नियमाने तीन संध्याकाळी प्रयोग झाला. पहिल्या संध्याकाळी सुनेने आपला लॅपटॉप घरच्या वाय-फायला न जोडता स्वतःच्या फोनच्या नेटवर चालवला. नवाच्या सुमारास घराचे नेट नेहमीप्रमाणे गेले. दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट बदलली. कागदाच्या चौथ्या रकान्यात रोज एक नोंद आढळत होती: आठ वाजता वडील दुकानातून परत येतात, आतल्या खोलीत दुकानाचा लॅपटॉप उघडतात, त्याला राउटरपासून आलेली केबल लावतात, तासभर टॅलीमध्ये नोंदी करतात आणि नवाच्या आधी त्याचे झाकण मिटून उठतात. त्या संध्याकाळी वडिलांनी केबल लावली नाही. सुनेचा लॅपटॉप घरच्या वाय-फायवर होता, तरी नेट गेले नाही. तिसऱ्या संध्याकाळी केबल पुन्हा लावली, आणि झाकण मिटताच टीव्ही थांबला.

कारण समजून घ्यायचे, तर घरातील यंत्रांना पत्ते कसे मिळतात, हे आधी पाहिले पाहिजे. घरच्या जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला एक आकडी पत्ता लागतो. १९९६ साली आखलेल्या नियमानुसार काही पत्ते केवळ घरगुती आणि कचेरीच्या अंतर्गत जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत, म्हणूनच बहुतेक घरांत तो पत्ता १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. यात्रेच्या गावी धर्मशाळेचा व्यवस्थापक येणाऱ्या प्रत्येकाला खोली नेमून देतो आणि बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता, हेही सांगतो, तसेच हे काम आहे. नवे यंत्र जाळ्यात येताच मोठ्याने विचारते, 'येथे पत्ता कोण देतो?' ज्याचे उत्तर आधी येते, त्याचे ते बहुधा ऐकते. उत्तर देणारा खरा व्यवस्थापक आहे की नाही, याची खातरजमा करण्याची सोय या साध्या पद्धतीत नाही.

दुकानाच्या लॅपटॉपमध्ये नेमका असाच दुसरा व्यवस्थापक बसलेला होता. दुकानात वेगळी नेटजोडणी नव्हती. वडील फोनचे नेट वाय-फायने लॅपटॉपवर घेत आणि तेथून केबलने गल्ल्यावरच्या बिलाच्या संगणकाला देत. विंडोजमध्ये त्यासाठी 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' नावाची सोय असते. ती सुरू केली, की लॅपटॉप केबलच्या बाजूने स्वतःच एक छोटा राउटर बनतो, १९२.१६८.१३७.१ हा पत्ता धारण करतो आणि जो विचारील त्याला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारे पत्ते वाटू लागतो. दुकानात ही सोय अगदी योग्य होती. घरी तीच केबलची खाच राउटरला जोडली गेली, आणि एका धर्मशाळेत दोन व्यवस्थापक झाले.

आता कागदावरची प्रत्येक नोंद उलगडते. आठनंतर बाहेरून घरात आलेला फोन पत्ता विचारी. कधी राउटरचे उत्तर आधी येई, कधी लॅपटॉपचे. ज्याला लॅपटॉपने पत्ता दिला, त्याला बाहेर जाण्याचा दरवाजाही लॅपटॉपचाच सांगितला जाई. त्याचे नेट लॅपटॉपमधून वळसा घेऊन, रखडत का होईना, चाले. नवाच्या आधी झाकण मिटले, लॅपटॉप झोपला, की दरवाजाच बंद होई. आजींच्या फोनला राउटरने आधीच पत्ता दिलेला असे, त्याला नव्याने विचारण्याची गरजच पडत नसे. सून नवाला लॅपटॉप उघडी, तेव्हा दुसरा व्यवस्थापक झोपलेला असे, म्हणून तिला नेहमी खराच पत्ता मिळे. राउटर बंद करून सुरू केल्यावर सारे फोन पुन्हा पत्ता मागत, आणि उत्तर द्यायला एकटा राउटरच जागा असे, म्हणून तो उपाय लागू पडल्यासारखा दिसे. म्हणजे जिच्यावर संशय होता, तिचे काम सुरळीत चालणे हाच तिच्या निर्दोषपणाचा पुरावा होता. आतल्या खोलीत वाय-फाय अशक्त आहे म्हणून वडील जी केबल लावत, त्या केबलने त्यांना नेट मिळतच नव्हते, ते वाय-फायनेच येत होते, हेही तेव्हाच कळले.

याची खूण तपासायला एक मिनिट पुरते. ज्या फोनचे नेट गेले आहे, त्याच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या जाळ्याच्या नावावर दाबले, की त्याचा पत्ता आणि 'गेटवे' दिसतो. चालू असलेल्या फोनचे हेच आकडे शेजारी लिहून पाहावेत. दोन फोनांचे गेटवे वेगवेगळे असतील, तर घरात दोन व्यवस्थापक आहेत. गेटवे १९२.१६८.१३७.१ असा दिसला, तर कोणत्यातरी विंडोज संगणकावर शेअरिंग सुरू आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला कोणीच पत्ता दिलेला नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधील नेटवर्क जोडण्यांच्या यादीत वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगचा रकाना असतो, तेथील खूण काढली, की दुसरा व्यवस्थापक निवृत्त होतो. दुकानात त्या सोयीची रोजच गरज असेल, तर तेथे एक स्वस्त छोटा राउटर बसवणे हा कायमचा उपाय आहे.

त्या घरात वडिलांनी दुसऱ्या दिवशी सारे जेवायला बसलेले असताना, दोष दुकानाच्या लॅपटॉपचा होता, असे स्वतः सांगितले. आरोप चारचौघांत झाला होता, म्हणून तो चारचौघांतच मागे घेतला गेला. पत्ता चुकणे हे यंत्राचे बिघडणे असते, पण त्याची भरपाई माणसांनाच करावी लागते.

प्रत्येक घरात कारण हेच असेल, असे नाही. लॅपटॉपमुळे सारे जाळे कोलमडण्याच्या आणखी काही वाटा आहेत, आणि प्रत्येकीची खूण वेगळी आहे. म्हणून पहिले पाऊल राउटरच्या दिव्यांकडे पाहण्याचे. लॅपटॉपचा चार्जर लावताच राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागत असतील, तर प्रश्न विजेचा आहे. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतात, खाच सैल झालेली असते किंवा राउटरचा ॲडाप्टर थकलेला असतो. राउटर स्वतंत्र प्लगवर घेऊन पाहावे. फायबरच्या पेटीवर 'एलओएस' या अक्षरांखालचा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही. त्यात घरातील कोणत्याही लॅपटॉपचा संबंध नाही, कंपनीला कळवणे हाच मार्ग. दिवे जसेच्या तसे असूनही नेट नसेल, तरच पत्त्यांकडे किंवा गर्दीकडे वळावे.

गर्दीची खूण अशी, की नेट पूर्ण जात नाही, साऱ्यांचेच एकदम मंदावते, आणि तो लॅपटॉप वाय-फायवरून काढताच पूर्ववत होते. लॅपटॉप उघडल्याबरोबर दिवसभराची छायाचित्रे आणि फायली वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह यांसारख्या साठ्याकडे चढू लागतात. अनेक घरगुती जोडण्यांत वर चढवण्याचा मार्ग खाली उतरवण्याच्या मार्गापेक्षा अरुंद असतो. तो तुंबला, की इतरांचे उतरवणेही अडते, कारण खाली आलेल्या माहितीची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोच रांगेत अडकते. राउटरच्या आतली ही रांग जितकी लांब, तितका विलंब अधिक. २०१० च्या सुमारास अमेरिकी अभियंता जिम गेटीस यांनी या दोषाकडे लक्ष वेधले आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव रूढ झाले. तपासण्यासाठी त्या लॅपटॉपवरचे फायली चढवणे पंधरा मिनिटे थांबवून पाहावे. फरक पडला, तर ते काम मध्यरात्रीनंतर होईल अशी व्यवस्था करावी, किंवा त्या साठ्याच्या सेटिंगमध्ये चढवण्याच्या वेगाला मर्यादा घालावी. विंडोज आपल्याकडचे अद्ययावत भाग बाहेरच्या संगणकांनाही पुरवू शकते, ती 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'ची सोयही त्याच वेळी तपासावी.

तिसरी वाट झोपेची. अनेक लॅपटॉप आता डॉक नावाच्या जोडपेटीतून केबलने राउटरला जोडलेले असतात. केबलच्या जाळ्यात 'जरा थांबा' असे सांगणारा एक संकेत असतो. समोरच्याला माहिती पचवता येत नसेल, तर त्याने क्षणभर थांबावे, यासाठी १९९७ साली हा संकेत नियमात आला. काही जोडपेट्या लॅपटॉप झोपल्यावर हाच संकेत अखंड पाठवत राहतात, आणि साधा राउटर बिचारा आज्ञाधारकपणे थांबून राहतो. लॅपटॉप झोपला असताना नेट जाते आणि जोडपेटीची केबल काढताच परत येते, ही त्याची खूण. जोडपेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे किंवा झोपवताना केबल काढणे, हे उपाय.

झोपेतून जाग येण्याचाही असाच त्रास होऊ शकतो. जानेवारी २०१८ मध्ये जगातील अनेक घरांचे राउटर अचानक कोलमडू लागले, आणि दोष अर्थातच राउटरच्या कंपन्यांना लागला. राउटर बनवणाऱ्या टीपी-लिंक कंपनीच्या अभियंत्यांनी शोध घेतला, तेव्हा निराळेच निघाले. गूगलच्या क्रोमकास्ट उपकरणांशी बोलणारी यंत्रे एरवी २० सेकंदांच्या अंतराने शोधाची एक हाक जाळ्यात देत. झोपेतून उठल्यावर मात्र ती झोपेच्या काळात राहून गेलेल्या साऱ्या हाका एकदम देऊन टाकत. झोप लांबली असेल, तर हा आकडा एक लाखाच्याही वर जाई आणि राउटरची स्मरणशक्ती भरून जाई. गूगलने त्याच महिन्यात सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती दिली. त्या दिवसांत ज्यांनी रागाने नवा राउटर विकत आणला, त्यांच्या घरात तोही तसाच पडण्याची शक्यता होती.

चौथी वाट लॅपटॉपला जोडलेल्या वस्तूची. वेगवान यूएसबी ३ जातीच्या हार्ड डिस्क आणि त्यांच्या केबली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट करतात, हे इंटेल कंपनीने २०१२ साली मोजून प्रसिद्ध केले. वाय-फायचा जुना पट्टा नेमका तोच. लॅपटॉप राउटरच्या अगदी शेजारी असेल आणि हिशेबाची प्रत काढायला हार्ड डिस्क लावताच नेट डळमळत असेल, तर लॅपटॉप चार हात दूर न्यावा किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा.

पाचवी वाट सर्वांत गंभीर. लॅपटॉपवर कोणी काही करत नसताना, चढवणे-उतरवणे सारे थांबवलेले असतानाही तो जाळे तुंबवत असेल, तर त्यात घातक प्रोग्राम शिरल्याचा संशय घ्यावा. असा लॅपटॉप मालकाच्या नकळत परक्यांसाठी संदेश पाठवण्याचे काम करत असतो. ज्यावर बँकेचे व्यवहार आणि पेढीचे हिशेब चालतात, त्याच्या बाबतीत येथे दिरंगाई नको. तो त्वरित जाळ्यावरून काढावा, बँकेचे संकेतशब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत आणि मग तो स्वच्छ करावा. भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर यासाठी विनामूल्य साधने मिळतात.

वाट कोणतीही असो, तपासाचे नियम सारखेच आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि नेट सुरू झाले, तर कशामुळे सुरू झाले, हे कधीच कळत नाही. संशयित यंत्र काढल्यावर दोष गेला, एवढ्यावर थांबू नये. ते परत लावल्यावर दोष परत येतो का, हेही पाहावे. तसे झाले, तरच योगायोग आणि कारण यांतला भेद सिद्ध होतो. रीस्टार्ट आणि रीसेट यांत गल्लत करू नये. बटणाने बंद करून सुरू करणे निरुपद्रवी आहे. टाचणी घालून दाबण्याचे बारीक छिद्र मात्र कंपनीने भरलेली जोडणीची माहिती पुसून टाकते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत घर नेटशिवाय राहते. नोकरीच्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपच्या सेटिंगला घरच्यांनी हात लावू नये, नोंदींचा कागद त्या कंपनीच्या तंत्र विभागाकडे पाठवावा. 'नेट चालत नाही' एवढ्या वाक्यावर तंत्रज्ञालाही अंदाजच करावा लागतो. 'दिवे स्थिर असतात, तीन फोनांचा गेटवे वेगळा दिसतो, केबल काढली की सुरू होते' असे सांगितले, तर त्याचा अर्धा तास वाचतो आणि घरच्यांचा आठवडा.

दुकान आणि घर यांच्यामध्ये रोज ये-जा करणारी यंत्रे ज्या कुटुंबात आहेत, तेथे एक पान कायमचे राखून ठेवणे हिताचे आहे. जमाखर्चाच्या वहीचे शेवटचे पान त्यासाठी चालेल. त्यावर घरच्या राउटरचा पत्ता, दुकानातल्या जाळ्याचा पत्ता, कोणत्या लॅपटॉपवर कोणती सोय कशासाठी सुरू केली आहे, कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि पूर्वीच्या बिघाडांची कारणे लिहावीत. पाहुण्यांसाठी राउटरमध्ये वेगळे अतिथी जाळे सुरू करता येते, त्याचा संकेतशब्दही तेथेच असावा. आणि शेवटच्या रकान्यात कोणी, कोणत्या तारखेला, काय बदलले, याची नोंद करून पुढे सही घ्यावी. रोजमेळात ज्या हाताने नोंद होते, त्याच हाताने हीही व्हावी.